कणकेची मूठ

माझ्या दुकानात नेमबाजीचं पिस्तूल घ्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात मी आधी कणकेचा गोळा द्यायचो. चांगला सुटाबुटातला माणूस खंडाळ्याच्या बंगल्यातून टांगा करून लोणावळ्याच्या बाजारात यायचा, ऐटीत पिस्तूल दाखवा म्हणायचा, आणि मी आत आवाज द्यायचो, "सकिना, कणीक आण गं!" काही जण हसायचे, काही चिडायचे. एका बॅरिस्टरसाहेबांनी तर मला विचारलं होतं, की हे बंदुकांचं दुकान आहे की खानावळ.

मी बंदूकसाज. म्हणजे बंदुका बनवणारा नव्हे. त्या विलायतेहून बनून यायच्या. नळीतला गंज काढणं, चापामागची मोडलेली कमान बदलणं, लाकडी दस्ता चिरला तर नवा बसवणं, आणि मुख्य म्हणजे कुठल्यातरी अनोळखी मापानं तयार झालेलं हत्यार घेणाऱ्याच्या हाताला बसवून देणं, हे माझं काम. हा हुन्नर मला मामूनं दिला. मामू पुण्याच्या लष्करात गोऱ्या पलटणीची हत्यारं दुरुस्त करायचा. भात पोटरीला आला की मावळात रानडुकरं शेतात शिरतात, त्यामुळे शेतकऱ्यांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्तीला यायच्या आणि त्यावर माझं घर चालायचं. पण पिस्तुलाचं काम आलं की माझी कळी खुलायची.

पिस्तुलाचं काम यायचं ते खंडाळ्यामुळे. तिथे दगडाच्या एका जुन्या खाणीत चांदमारी होती. मागे खाणीची उभी भिंत, तिच्यापुढे मातीचा बांध आणि बांधाला लागून लाकडी चौकटीत टाचलेली कागदी कार्डं. रविवारी सकाळी रेल्वेचे अधिकारी, पारशी बंगलेवाले आणि मुंबईचे एकदोन वकील तिथे जमायचे. हिवाळ्यात त्यांच्या क्लबची बक्षिसाच्या ढालीसाठी स्पर्धा व्हायची. वीस यार्डांवरून एका हातानं मारायचं. एका कार्डावर पाच गोळ्या, अशी सहा कार्डं. वीस यार्ड म्हणजे काही फार नाही, असं बघणाऱ्याला वाटतं. एकदा हात लांब करून पिस्तुलाच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा लोखंडी दाणा, कार्डाच्या मधल्या काळ्या ठिपक्यावर धरून बघा. ठिपका कुठे, माशी कुठे आणि आपण कुठे, काही सुधरत नाही.

नवा माणूस दुकानात आला की त्याची नजर आधी सगळ्यात मोठ्या रिव्हॉल्व्हरवर जायची. एका संस्थानिकाचे मेहुणे असेच आले आणि मी नको नको म्हणत असताना हस्तिदंती मुठीचं थोरलं धूड घेऊन गेले. पहिल्या गोळीला त्यांचा फेटा हलला, दुसरीला मनगट दुखावलं आणि तिसरीपासून चाप दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले. ही डोळे मिटायची खोड एकदा लागली की लवकर सुटत नाही. सहा महिन्यांनी ते दुकानात आले असताना माझ्या हातून पेटीचं झाकण पडलं, तर तेवढ्या आवाजानं त्यांचे डोळे गच्च मिटले. बरं, हत्यार बदलावं तर परवान्यावर त्याचा नंबर चढलेला. तो बदलायचा म्हणजे पुण्याला कलेक्टर कचेरीत खेटे घालायचे. पहिली निवड चुकली की माणसाला त्याच हत्याराशी वर्षभर संसार करावा लागायचा, म्हणून मी नवख्याच्या पाठीच लागायचो. पॉइंट टू-टूचं, लांब नळीचं, एका वेळी एकच काडतूस घेणारं साधं पिस्तूल घ्या. आवाज वाळकी काटकी मोडल्याएवढा, धक्का नाहीच. हात शिकतो तो अशा हत्यारावर. मोठ्या हत्यारावर तो नुसता भ्यायला शिकतो.

दुसरी हौस हलक्या चापाची. माझ्या तरुणपणी एका शेठजींच्या आग्रहाखातर मी चाप इतका हलका करून दिला, की त्यांनी हात वर नेता नेता बोट टेकलं आणि गोळी सुटली. ती कार्डाच्या वर दहा हात खाणीच्या भिंतीवर जाऊन फुटली. कुणाला लागलं नाही ही अल्लाची मेहरबानी. मामूनं चार माणसांत माझा कान पिळला. त्यानंतर मी कुणाच्या हौसेखातर चापाला कानस लावली नाही.

आणि तिसरी गोष्ट मूठ. बाकी सगळं डोळ्यांना कळतं, मूठ फक्त हाताला कळते. पिस्तुलाच्या लोखंडी दांड्याच्या मापाचा एक लाकडी ठोकळा माझ्याकडे होता. त्याच्याभोवती मी घट्ट मळलेली कणीक लपेटायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, समोरच्या भिंतीवरच्या खुणेवर नेम धरल्यासारखं धरा. बोटं, तळवा, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा, सगळं कणकेत उमटायचं. तो ठसा चुलीच्या उबेला दोन दिवस सुकवायचा आणि त्याबरहुकूम शिसवी लाकडाची मूठ कोरायची. शाडूची माती का नाही, असं लोक विचारायचे. शाडू हाताला गार लागतो आणि माणूस बिचकतो. कणीक ओळखीची असते. निदान असं मामूचं म्हणणं होतं. बंगल्यात राहणाऱ्या कित्येकांनी कणकेला जन्मात हात लावलेला नसायचा हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. असे कितीतरी ठसे नावाची चिठ्ठी लावून मी फळीवर ठेवले होते. उंदरांनी त्यांत मानपान बघितला नाही. एका रेल्वेच्या बड्या साहेबाचा अंगठा त्यांनी पहिल्याच आठवड्यात खाल्ला.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगत बसलो आहे त्या डॉक्टर मालतीबाईंकडे येतो.

घाटात विजेची इंजिनं येऊन चारपाच वर्षं झाली होती. होळी नुकतीच होऊन गेली होती. मालतीबाई भर दुपारी दुकानात आल्या. लोणावळ्यात त्यांचा बाळंतपणाचा दवाखाना होता. वय पस्तिशीचं, नऊवारी चापूनचोपून नेसलेली, बोलणं मोजकं. कार्ल्यापासून लोहगडवाडीपर्यंत सगळं मावळ त्यांना डाक्टरीणबाई म्हणायचं. माझा धाकटा मुलगा त्यांच्याच हातचा.

"दस्तगीरभाई," त्या म्हणाल्या, "मला खंडाळ्याच्या स्पर्धेत उतरायचंय. नवशिक्याला कुठलं पिस्तूल बरं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्या चांदमारीत बाईमाणूस कधी उतरलं नव्हतं. क्लबच्या नियमांत तशी बंदी नव्हती, पण ती यासाठी नव्हती की असं काही होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. रानावनातून गावोगाव जायचं म्हणून त्यांच्याकडे परवाना होता, पण त्यावर हत्यार कधी घेतलं नव्हतं. मी पॉइंट टू-टूचं लांब नळीचं पिस्तूल काढलं. मोठ्या रिव्हॉल्व्हरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "यानं हात स्थिर होतो का?"

"सरावानं होतो," मी म्हणालो.

कणकेचा गोळा बघून त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. भिंतीवरच्या खुणेकडे बघत त्यांनी ठोकळा धरला. ठसा असा खोल आणि स्वच्छ उमटला, की मी खूश झालो. एवढं नीट माप मला क्वचित मिळालं होतं. आठ दिवस खपून मी शिसवीची मूठ कोरली. प्रत्येक बोटाला आपापली खाच, करंगळीला बसायला कट्टा. माझ्या हातची ती सगळ्यात देखणी मूठ. बाजारात दोघातिघांना बोलावून मी ती दाखवलीसुद्धा.

चैत्रात त्यांचा सराव सुरू झाला. हत्यार मीच बसवून दिलेलं, म्हणून रविवारी मीही खाणीत जायचो. बाईंच्या गोळ्या जात होत्या खाली आणि डावीकडे. दर वेळी खाली आणि डावीकडे. माशी मी दोनदा घासून बसवली, पिस्तूल चौकटीत आवळून स्वतः मारून बघितलं. गोळी बरोबर मध्यात. म्हणजे दोष लोखंडाचा नव्हता. क्लबातली मंडळी तोंडावर सभ्य होती, पण चहा पिताना मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायची, की बाईंनी आपलं पाळणा हलवावा.

वैशाखातली गोष्ट. सकिना, माझी बायको, फळीवरचे ठसे पुसत होती. ती शिळिंबच्या बाजूची, मावळातली. शाळा तिनं पाहिली नाही. ती एकदम म्हणाली, "ही कुनाची मूठ म्हनायची?"

"डॉक्टरीणबाईंची."

"त्यांना कशाची धास्ती बसलीया?"

मी कानस थांबवली. "धास्ती कसली?"

"बघा की. बोटं पार लाकडाला टेकल्यात. करंगळी तर रुतून बसलीया. कनीक असं कोन दाबतं? मी रोज मळती, मला ठावं हाय. बुडनारं मानूस दोर धरतंय, तसं धरलंय त्यांनी."

मी ठसा हातात घेऊन उन्हात आलो. आता मलाही ते दिसलं. खोल आणि स्वच्छ म्हणून मी ज्याच्यावर भाळलो होतो, ती भीतीनं आवळलेली मूठ होती. मी तिच्या मापाच्या खाचा कोरल्या होत्या. बाई जेव्हा जेव्हा पिस्तूल धरत होत्या, तेव्हा माझं लाकूड त्यांच्या बोटांना त्या भीतीच्या जागेवर नेऊन बसवत होतं. आवळलेल्या हातानं चाप दाबला की नळी खाली आणि डावीकडे झुकते, हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. वीस वर्षं माणसांचे हात वाचतो म्हणून मिरवलो, आणि हे दिसलं कुणाला, तर जिच्याकडे मी कणीक मागायचो तिला. तिचा हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता. आजही त्याची मला लाज वाटते.

पुढच्या रविवारी सगळे पांगल्यावर मी खाणीतच बाईंना सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, मूठ नवी करून देतो. पण भीती कसली ते मला कळलं पाहिजे.

समोरच्या कार्डाकडे बघतच त्या म्हणाल्या, "गेल्या भाद्रपदात मळवलीची एक बाई आणली होती. मूल आडवं. पोट फाडूनच काढायला हवं होतं. ते मला येतं, दस्तगीरभाई. मुंबईला शिकताना मी केलंय. पण त्या दिवशी सुरी हातात घेतली आणि हात थरथरायला लागला. थांबेचना. मी सुरी खाली ठेवली आणि तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. तळेगावच्या पुढे गाडीतच ती गेली. दोघंही गेली. तेव्हापासून अवघड बाळंतीण आली की मी पुण्याला पाठवते. काही पोचतात. सगळ्याच नाही पोचत."

"आणि पिस्तूल?"

"इथे हात चुकला तर कागदाला भोक पडतं. म्हणून आले."

स्पर्धा, क्लब, ढाल, हे सगळं मला खेळण्यासारखं वाटायला लागलं. तरी धंद्यानं शिकवलेली एक गोष्ट माझ्यापाशी होती, ती मी सांगितली.

"बाई, हात सगळ्यांचाच हलतो. ढाल जिंकणाऱ्याचाही हलतो. मी पहिल्या दिवशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. सरावानं हात स्थिर होत नाही. हलणाऱ्या हातानं काम करायला येतं, एवढंच. हात थांबायची वाट बघत राहिलं की दम कोंडतो आणि दम कोंडला की हात जास्त हलतो. माशी हलते ना? हलू द्या. श्वास अर्धा सोडा आणि चाप असा सावकाश दाबत राहा, की गोळी सुटलेली तुम्हालाही नंतरच कळली पाहिजे."

"हलू द्या?" त्यांनी पुन्हा विचारलं, जणू हात हलायलाही कुणाचीतरी परवानगी लागते.

"हलू द्या. आणि नव्या मुठीचं माप द्यायला मुद्दाम म्हणून दुकानात येऊ नका. एखादं बाळंतपण नीट पार पडलं की हात धुऊन तश्शा या."

चार दिवसांनी सकाळी त्या आल्या. चेहरा दमलेला, हाताला कार्बोलिकचा वास, पदर खोचलेला तसाच. "तुंगार्लीची पहिलटकरीण सुटली," एवढंच म्हणाल्या. सकिनानं गोळा त्यांच्या हातात दिला. या वेळी दोघी एकमेकींशी बोलत होत्या, बाळाचं वजन, बाळंतिणीचं दूध, असलंच काहीतरी, आणि बोलता बोलताच बाईंनी ठोकळा धरून सोडला. ठसा उथळ होता. बोटं नुसती विसावली होती. त्याच्यावरून केलेली मूठ दिसायला अगदीच साधी झाली. ती मी बाजारात कुणाला दाखवली नाही.

मग पावसाळा लागला. आमच्याकडे चार महिने भिंतीला पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत आणि तेल न लावलेल्या लोखंडावर दोन दिवसांत गंजाची तांब धरते. चांदमारी बंद. पण रिकाम्या हत्याराचा सराव घरात होतो. वापरलेलं काडतूस आत घालायचं, नळीच्या टोकाशी ढब्बू पैसा ठेवायचा आणि पैसा न पडता चाप दाबायचा. दवाखान्यातल्या एस्तेरबाई, म्हणजे त्यांच्या नर्स, मला सांगायच्या, की पहिल्या महिन्यात दिवसभर पैसा पडल्याचा आवाज यायचा. श्रावणात तो कमी झाला आणि गणपती येईतो थांबला.

दसऱ्यानंतर खाण वाळली. बाईंच्या गोळ्या आता काळ्या ठिपक्यात पडत होत्या. चहावरची कुजबुज बंद झाली. तरीही अवघडलेल्या बाळंतिणी पुण्याला जातच होत्या. आठवड्यापूर्वीच एक गेल्याचं एस्तेरबाईंनी मला सांगितलं होतं. कागद आणि माणूस यांत फरक आहे, हे मला कळत होतं.

पौषात स्पर्धा झाली. ऊन स्वच्छ पडलं होतं. पाच कार्डं झाली तेव्हा बॅरिस्टरसाहेब, तेच ते खानावळवाले, पहिले होते आणि मालतीबाई त्यांच्या दोनच गुणांनी मागे. शेवटचं कार्ड टाचलं गेलं. बाईंनी पिस्तूल उघडून काडतूस घातलं होतं, हात वर जात होता. तेवढ्यात खाणीच्या तोंडाशी गलका झाला. एक म्हातारा शेतकरी पहारेकऱ्याला न जुमानता आत घुसला. अंगावर घोंगडं, पाय धुळीनं भरलेले.

"डाक्टरीनबाई कुटं हायेत?" त्यानं बाईंना पाहिलं आणि तो मटकन खालीच बसला. "बाई, मी कोंडिबा, लोहगडवाडीचा. सून हाय माजी. दोन दिस झालं, सुटका न्हाई. झोळी करून मळवलीला आनली, तितनं गाडीनं हितं. तुमच्या नर्सबाई म्हनत्यात, प्वार आडवं हाय, पुन्याला न्या. पुन्याची गाडी दुपारच्याला हाय. तवर ती न्हाई ऱ्हायाची, बाई. मला डोळं हायेत."

मी बाईंच्या हाताकडे बघत होतो. तो हलायला लागला होता. साध्या डोळ्यांना दिसेल इतका.

बाईंनी पिस्तूल उघडलं, काडतूस काढून मेजावर उभं ठेवलं, हत्यार उघडंच त्याच्या शेजारी ठेवलं. नियमच आहे तो. त्या घाईतही त्या चुकल्या नाहीत. मग त्या कोंडिबाला म्हणाल्या, "चला." आणि मला म्हणाल्या, "दस्तगीरभाई, तुम्हीही चला. आज माझा कंपाउंडर नाही."

बॅरिस्टरसाहेबांनी काही न विचारता आपल्या मोटारीचं दार उघडलं, आणि आम्हाला दवाखान्याच्या दारात पोचवूनच ते थांबले.

दवाखान्यात विजेचा दिवा होता, पण पिवळा, मिणमिणता. बाईंना ऊन हवं होतं. त्यांनी भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला. "खिडकीशी उभे राहा. ऊन टेबलावर पाडा. तुमचा हात हलत नाही." एस्तेरबाई पोरीच्या तोंडावर फडकं धरून क्लोरोफॉर्मचे थेंब टाकत होत्या. बाकी सगळं पांढऱ्या चादरींनी झाकलेलं. मला दिसत होता तो फक्त मी पाडलेला उजेडाचा चौकोन आणि त्यात बाईंचे दोन हात.

सुरी हातात आली. हात थरथरत होता. आणि त्याच क्षणी तो उजेडाचा चौकोनही थरथरायला लागला. मला आधी कळलं नाही. मग कळलं, की मी कापतोय. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना हात कसा धरावा ते सांगितलं, त्याच्या हातातला आरसा पानासारखा हलत होता. मी कोपर खिडकीला टेकवलं, दम रोखला, तर तो आणखीच हलायला लागला.

बाईंनी मान वर केली नाही. खालच्या आवाजात म्हणाल्या, "दस्तगीरभाई, उजेड हलतोय."

"व्हय बाई," माझ्या तोंडून गावाकडचंच निघालं. "थांबना झालाय."

"हलू द्या," त्या म्हणाल्या. "श्वास अर्धा सोडा."

मी श्वास सोडला. त्यांनीही सोडला, तो मला ऐकू आला. सुरी टेकली. आणि ती निघाली, सावकाश, एकसारखी, कुठे न थांबता, कुठे न घाई करता. बोटं सुरीवर नुसती विसावली होती. ती धरण्याची पद्धत मी ओळखली. तिचाच ठसा माझ्या फळीवर पडून होता. उजेड हलत होता, हातही हलत असेल, पण काम सरळ रेषेत चाललं होतं. मी खाणीत शेकडो नेमबाज पाहिले. लांबलांबचे नामांकित लोक पाहिले. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. देवाच्या कारखान्यात उभं राहून त्याचं काम बघावं तसा मी उभा होतो, आणि माझं काम काय, तर आरसा धरणं.

किती वेळ गेला माहीत नाही. एस्तेरबाईंनी काहीतरी निळसर, ओलं उचललं, पाठीवर थोपटलं. एकदा. दोनदा. मग ते रडलं. दाराबाहेर कोंडिबानं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. बाई टाके घालत होत्या, त्या थांबल्या नाहीत. मी मात्र आरसा तसाच धरून ढसाढसा रडत होतो, आणि टेबलावरचं ऊन नाचत होतं. "आता चालेल हो, ठेवा खाली," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

स्पर्धेत त्या शेवटच्या आल्या. सहावं कार्ड कोरं राहिलं आणि नियम तो नियम. बॅरिस्टरसाहेबांनी परत जाऊन आपलं सहावं कार्ड पुरं केलं आणि ढाल घेतली, पण ती घेताना त्यांचं तोंड उतरलेलं होतं असं म्हणतात. पुढच्या वर्षी बाई पुन्हा उतरल्या आणि तिसऱ्या आल्या. फार काही नेमबाज नव्हत्या त्या. पण त्या पौषानंतर, पोट फाडून सुटणारी बाळंतीण लोणावळ्याहून पुण्याच्या गाडीत बसवलेली मी पाहिली नाही.

कोंडिबा पुढच्या साली नव्या भाताचे तांदूळ घेऊन दवाखान्यात आला, आणि तिथून माझ्या दुकानात. सोबत सून होती, सुनेच्या कडेवर पोर. "ज्यानी आरसा धरलावता, त्येला दावायची हाय म्हनली," तो म्हणाला. पोरगी मला बघून बिथरली नाही. सकिना आत कणीक मळत होती, तिनं बोटाएवढा गोळा आणून तिच्या हातात दिला. पोरीनं तो मुठीत धरला, जरा दाबला, मग तोंडाकडे नेला. सकिनानं हसत हसत सोडवून घेतला आणि मला दिला.

आता माझाच हात हलतो, म्हणून कानस कधीच खाली ठेवली. दुकान आवरलं तेव्हा फळीवरचे सगळे ठसे सकिनानं चुलीत घातले. साहेबांचे, शेठजींचे, बॅरिस्टरांचे, मालतीबाईंचे दोन्ही. एक मी काढून ठेवला. सुपारीएवढा आहे. चार बोटांच्या चार रेघा आणि अंगठ्याचा एक ठिपका. तेवढ्या मापाचं पिस्तूल अजून कुणी बनवलेलं नाही.